किंगरी, व्हायोलिन आणि फाल्गुनातली एक रात्र

दिवाळीच्या अंकात फाल्गुनातली हकीकत सांगावयास बसलो आहे, म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाच्या ताटात कैरीची एखादी फोड आली, तर पाटावरून कोणी उठून जात नाही.

माझा भाचा गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात शिक्षक आहे. जन्मभर मी शाळेत इतिहास शिकविला, पण वैनगंगेच्या पलीकडचा मुलूख नकाशावरच दाखविला. निवृत्तीनंतर एकदा धीर केला आणि त्याच्याकडे जाऊन राहिलो. तो मला सूरजागडच्या पायथ्याशी एका गावी घेऊन गेला. पळस फुलले होते, मोहाचा वास गावभर भरून राहिला होता. समोरच्या डोंगरावर माडियांचा ठाकुरदेव, आणि त्याच डोंगराच्या पोटातले लोहखनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांची घरघर दुरून कानी पडत होती.

रात्री ज्यांच्या अंगणात बसलो, त्या घरचे आजोबा सत्तरीच्या पुढचे होते. त्यांना मराठी समजे, बोलणे मात्र माडियातच. भाचा मध्ये दुभाषा. भाच्याने आपल्या मोबाईलवर व्हायोलिनचे संगीत लावले. म्हणाला, "मामा, इथे वसंत आहे, तर वसंतच ऐकू या."

ते होते इटलीच्या विवाल्दीचे 'चार ऋतू', त्यातला वसंत. १७२५ साली ॲमस्टरडॅमला ही रचना छापली गेली. एक व्हायोलिन पुढे होऊन बोलते आणि मागे तंतुवाद्यांचा ताफा त्याला साथ देतो. आरंभीच तीन व्हायोलिने पाखरांचा किलबिलाट करतात. दुसऱ्या भागात गुराखी झाडाखाली झोपलेला आहे, आणि व्हायोला नावाचे जरा खर्जातले वाद्य त्याच्या कुत्र्याचे भुंकणे वाजविते. भाच्याने हे सारे आजोबांना समजावून दिले. ते मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "कुत्रं एकाच सुरात भुंकतंय. म्हणजे वाघ नाही आला. कोणी माणूस आलाय."

आम्ही हसलो. विवाल्दीवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले असेल, पण ही टीप त्यात असेलसे वाटत नाही.

मग आजोबांनी विचारले, "इतके जण वाजवतात, तर पुढे काय वाजवायचं हे सगळ्यांना कसं ठाऊक?" भाचा म्हणाला, "समोर कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं." आजोबांनी पुढचा प्रश्न केला, "आणि कागद हरवला तर?"

या प्रश्नाने माझी झोप उडाली. कारण उत्तर इतिहासात आहे, आणि ते मला ठाऊक होते. विवाल्दी व्हेनिसच्या एका अनाथाश्रमात मुलींना वाजवावयास शिकवी. त्या मुलींच्या वाद्यवृंदाची कीर्ती युरोपभर होती. पण १७४१ साली तो व्हिएन्नात दारिद्र्यात वारला, आणि पुढे सुमारे दोनशे वर्षे जग त्याला जवळजवळ विसरून गेले. १९२६ साली इटलीतल्या एका मठात त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. ते तुरीनच्या ग्रंथालयात गेले, आणि मेलेला माणूस पुन्हा बोलू लागला. कागद हरवला होता, पण नष्ट झाला नव्हता, एवढ्यावर निभावले.

व्हायोलिन आपल्याकडे आले त्याचीही कथा ऐकण्याजोगी आहे. तंजावरच्या गादीवर आपले भोसले होते. सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला. त्याच काळात, मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी मद्रासकडे एका युरोपियन वादकापाशी व्हायोलिन शिकले. मग आपल्या लोकांनी त्या परक्या वाद्याला मांडी घालून बसविले, त्याचे टोक पायाशी टेकविले, तारा षड्ज-पंचमात लावल्या, आणि ते घरचे झाले. इकडे गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरे लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकत. आपल्या हिंदुस्थानी संगीतात गजाननराव जोशी, वि. गो. जोग, श्रीधर पार्सेकर, दा. के. दातार यांनी या वाद्याकडून गळ्यासारखे गाऊन घेतले.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर याहून पुढे गेले. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजविता वाजविता त्यांनी राग आणि स्वरलिपी एकाच कागदावर आणली. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा मेळावा उभा केला; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ साली ते अमेरिकेला गेले, परत आल्यावर चित्रसृष्टीपासून दूर गावी राहिले, आणि २०१२ साली वारले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या (१९७७) गाण्यात ज्यांचे नाव आपण सारे गुणगुणतो, ते हेच. संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचे नाव घरोघर पोहोचले. त्यांची रचना मात्र सहसा ऐकू येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गज फिरवून वाजवावयाचे वाद्य या वनप्रांताला परके नाही. गोंडांचे भाट जे परधान, त्यांची तीन तारांची किंगरी आहे. तिच्या साथीवर ते यजमान कुळांची आणि पेरसापेन या थोर देवाची कथा गातात. यजमानाने धान्य, वस्त्र द्यावे, परधानाने कुळाची आठवण राखावी, असा हा जुना करार. नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोची कथा गोंडीत उतरवून घेतली. १८६३ साली हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविले. म्हणून लिंगोचे शब्द आज वाचावयास मिळतात. ती किंगरी त्या दिवशी कशी वाजली, हे मात्र त्या कागदांवर नाही.

आणि येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी राजुऱ्याकडे एका लग्नाला गेलो असता मांडवाबाहेर एक म्हातारे परधान किंगरी वाजवीत बसले होते. मी पाच मिनिटे उभा राहिलो, दहा रुपये ठेवले आणि पंगतीला गेलो. इतिहासाचा शिक्षक मी; त्यांना एवढेही विचारले नाही की, बाबा, ही कोणाची कथा? चार वर्षांनी त्याच गावी गेलो तेव्हा ते नव्हते. किंगरी घरात खुंटीला टांगलेली होती, तिची एक तार तुटलेली. मुलगा म्हणाला, "वाजवता येत नाही मला. बापाने शिकवलं नाही, आणि मी विचारलं नाही." आम्ही दोघेही न विचारणारेच निघालो.

हे सारे मी त्या रात्री आजोबांना सांगितले. भाचा शब्द जुळवीत गेला. आजोबा पुष्कळ वेळ गप्प होते. मग त्यांनी नातीला हाक मारली. दहा-अकरा वर्षांची पोर, भाच्याच्याच शाळेतली. तिला काहीतरी म्हणाले आणि स्वतः हलक्या आवाजात गाऊ लागले. पोर एकेक ओळ मागून म्हणू लागली.

"काय सांगितलं तिला?" मी विचारले.

भाचा म्हणाला, "म्हणाले, वही आण. पण आधी म्हण, मग लिही."

पोरीने वही आणली. कंदिलाजवळ बसून ती लिहीत होती. माडिया शब्द, देवनागरी अक्षरे. चाल लिहिता येत नव्हती, ती गळ्यातच ठेवणे भाग होते. मी मोबाईल उघडून ध्वनिमुद्रण सुरू केले आणि या खेपेला, पहाटे बायका मोहफुले वेचायला निघेपर्यंत, जागचा उठलो नाही.