घराबाहेरची पहिली रात्र : कन्या-शिबिरांचा इतिहास

वसई परिसरातील निर्मळ हे तीर्थक्षेत्र. विमल सरोवर, श्रीशंकराचार्यांची समाधी आणि कार्तिकातील यात्रा यांमुळे या भूमीला पिढ्यान् पिढ्यांचे पावित्र्य लाभले आहे. अशा यात्रांचे एक सामाजिक महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. पूर्वीच्या काळी घरंदाज कुटुंबातील स्त्रीला उंबरठ्याबाहेर रात्र काढण्याचे प्रसंग अगदी मोजके असत : माहेरपण, लग्नकार्य आणि तीर्थयात्रा. तेथेही सोबतीला वडीलधारे असतच. केवळ काही शिकण्यासाठी कुमारिकेने चार रात्री घराबाहेर राहावे, ही कल्पना आपल्या समाजात रुजण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

त्यापूर्वीचा टप्पा दुःखाचा होता. सन 1848 मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, परंतु शाळा सुटल्यावर मुलगी घरीच परतत असे. सन 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन स्थापिले आणि सन 1896 मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. या संस्थांत स्त्रिया राहून शिकल्या हे खरे. तथापि त्यांतील बहुतेकींना परिस्थितीने तेथे आणून सोडले होते. आईबापांच्या छत्राखाली सुखाने वाढणाऱ्या मुलीलाही घराबाहेरच्या वास्तव्याची आवश्यकता आहे, हा विचार त्यापुढचा होय.

या विचाराला संघटित रूप इंग्लंडमध्ये मिळाले. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी सन 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यास काही मुली न बोलावता हजर झाल्या आणि ‘आम्हांलाही यात स्थान हवे’ असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून सन 1910 मध्ये गर्ल गाइड चळवळ जन्मास आली व बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी तिची धुरा वाहिली. अवघ्या एका वर्षात, सन 1911 मध्ये, जबलपूर येथे हिंदुस्थानातील पहिली तुकडी उभी राहिली. प्रारंभी ही तुकडी युरोपीय मुलींपुरतीच होती. भारतीय मुलींसाठी दार उघडण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

मुलींच्या शिबिरापुढील खरी अडचण तंबूची वा भोजनाची नव्हती. अडचण होती विश्वासाची. ‘रात्री पोरीजवळ कोण असणार?’ हा प्रत्येक आईचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्तही होता. या चळवळीने त्याचे उत्तर भाषणांनी न देता प्रशिक्षणाने दिले. सन 1922 मध्ये इंग्लंडमधील फॉक्सलीज ही वास्तू मार्गदर्शिकांच्या शिक्षणासाठी मिळाली. भारतातही मध्य प्रदेशातील पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. जी शिक्षिका मुलींना शिबिरास नेणार, तिने आधी स्वतः शिबिरार्थी होऊन राहायचे, चूल पेटवायची, गाठी बांधायच्या, जखमेवर पट्टी करायची आणि आजारी मुलीची शुश्रूषा कशी करावी हे शिकायचे, असा हा क्रम आहे.

शिबिराची रचनाही विचारपूर्वक केलेली असते. सहा ते आठ मुलींची एक टोळी आणि त्यांच्यातीलच एक तिची नायिका. ध्वजवंदन, प्रार्थना, तंबूची झाडलोट, स्वयंपाक, दिशाज्ञान, वाटेवरील खुणा ओळखणे आणि रात्री शेकोटीभोवती गाणी व नाटुकली, असा दिनक्रम असतो. गळ्यातील रुमालाचे वस्त्र साधेच, परंतु प्रसंगी तोच उलगडून मोडलेल्या हाताला झोळी करता येते. धाकट्या मुलीची उशी रात्री भिजली तर तिला जवळ घेण्याचे काम प्रथम नायिकेचे. अशा रीतीने तेरा-चौदा वर्षांची मुलगी दुसऱ्याची जबाबदारी घेण्यास शिकते, आणि उद्याची मार्गदर्शिका तिच्यातूनच घडते.

स्वदेशी प्रयत्नही समांतर चालू होते. सन 1936 मध्ये वर्धा येथे लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि तिच्या वर्गांतून शिक्षिका तयार होऊ लागल्या. सन 1941 मध्ये पुण्यात नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एकत्र आणून शिबिरे, श्रमदान व कलापथके यांची परंपरा निर्माण केली. या संस्थांच्या विचारधारा भिन्न होत्या, परंतु मुलीने घराबाहेर येऊन शिस्त व धैर्य अंगी बाणवावे, याविषयी त्यांचे एकमत होते.

स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी देशातील बालवीर संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था अस्तित्वात आली. 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाइड संघटना तीत विलीन झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने सुवर्णदिन उगवला तो 16 ऑक्टोबर 1966 रोजी. त्या दिवशी पुण्यात आळंदी मार्गावर ‘संगम’ या जागतिक केंद्राचे उद्घाटन लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या उपस्थितीत झाले. स्वित्झर्लंडमधील ॲडेलबोडन (1932), लंडन आणि मेक्सिको (1957) यांनंतरचे हे चौथे केंद्र. ज्या पुण्यात मुलीला शाळेत धाडणे हेच एकेकाळी धाडस ठरले होते, त्याच पुण्यात देशोदेशीच्या मुली आईवडिलांना सोडून राहावयास येऊ लागल्या. अवघ्या 118 वर्षांतील हे परिवर्तन होय.

हा इतिहास समाजातील प्रत्येक संस्थेस काही सांगू पाहतो. आज सुटीतील शिबिरांच्या जाहिराती जागोजागी दिसतात. जागा, भोजन व खेळ यांची वर्णने त्यांत असतात. मुलींसोबत राहणाऱ्या ताई कोण, त्यांनी कोठे व किती शिक्षण घेतले, रात्री किती मुलींमागे एक ताई असेल, याचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. पालकांनी प्रथम हेच विचारावे, आणि आयोजकांनी तंबूंआधी ताई तयार कराव्यात.

मुलीला सुरक्षित ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक तिला घरात ठेवण्याचा आणि दुसरा तिला समर्थ करून, समर्थ हाती सोपवण्याचा. पहिला सोपा, दुसरा कष्टाचा. गेल्या शतकातील अनेक ज्ञात-अज्ञात स्त्रियांनी हा दुसरा मार्ग पत्करला, म्हणूनच आजची कन्या खांद्यावर पिशवी टाकून, आईला हसतमुखाने निरोप देऊन शिबिरास निघते. त्या सर्व मार्गदर्शिकांस विनम्र अभिवादन!