आजाऱ्याचा खर्च कोणी सोसावा? : अमेरिकेतील एका दीर्घ वादाचा इतिहास

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील एक तपशील प्रवचनांतून बहुधा निसटून जातो. तो शोमरोनी जखमा बांधून थांबत नाही. उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो आणि अधिक खर्च झाला तर परतताना चुकता करीन, अशी हमी देतो. आजाऱ्याची शुश्रूषा करावी, यावर जगात सहसा दुमत होत नाही. तिचा खर्च कोणी सोसावा, यावर मात्र राष्ट्रे दुभंगतात. अमेरिकेत या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे आणि त्यात तेथील ख्रिस्तसभाही ओढली गेली. म्हणून त्याचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जर्मनीने १८८३ सालीच कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला होता. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने १९१२ च्या निवडणुकीत तसा विचार मांडला. पण पक्ष हरला. १९३५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायदा केला, वृद्धांना निवृत्तिवेतन दिले. आरोग्यविमा मात्र बाजूला ठेवला. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे सगळाच कायदा बुडेल, ही धास्ती त्यामागे होती.

पुढे जी व्यवस्था रूढ झाली, ती कोणी विचारपूर्वक आखलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात महागाई रोखण्यासाठी सरकारने १९४२ साली पगारवाढीवर बंधन घातले. कामगार तर हवे होते. तेव्हा कारखानदारांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला. त्यावर बंधन नव्हते. पुढे त्यावर आयकरही लागू नये, असे ठरले. अशा रीतीने आजारपणाची सोय नोकरीला बांधली गेली. त्याचे परिणाम उघड होते. नोकरी गेली की विमाही जाई. म्हातारा, बेकार, विधवा, छोटा दुकानदार यांना स्वतः विमा घ्यावा लागे. आणि ज्याला आधीच दुखणे आहे, त्याला कंपनी दारातूनच परत पाठवी. ज्याला विम्याची सर्वाधिक गरज, त्यालाच तो मिळणे सर्वांत कठीण झाले.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे ठेवली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन खवळून उठली. तिने आपल्या सभासदांकडून प्रत्येकी २५ डॉलर वसूल केले, एका प्रचारसंस्थेला कामास लावले आणि ही योजना म्हणजे समाजवाद होय, अशी हाकाटी देशभर पिटली. शीतयुद्धाचे ते दिवस. त्या एका शब्दाने काम केले आणि योजना बारगळली. मात्र ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर ट्रूमन यांच्याच गावी, इंडिपेंडन्स येथे, सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड ८१ वर्षांच्या ट्रूमन यांना दिले गेले.

या दोहोंमध्ये न बसणारे कष्टकरी तसेच राहिले. बिल क्लिंटन यांची १९९३ ची योजना विमा कंपन्यांच्या जाहिरातींच्या माऱ्यापुढे टिकली नाही. १९९४ मध्ये ती मतदानापर्यंत न पोहोचताच संपली. बराक ओबामा २००९ साली सत्तेवर आले तेव्हा सुमारे ४ कोटी ६० लाख लोक विम्याविना होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकप्रतिनिधींच्या सभांतून आरडाओरड झाली. अखेरच्या आजारातील उपचारांविषयी डॉक्टरांचा सल्ला घेण्यास मेडिकेअरने पैसे द्यावेत, एवढीच एक तरतूद होती. तिला सेरा पेलिन यांनी ‘मृत्यूची पंचायत’ ठरविले. ९ सप्टेंबरला ओबामा काँग्रेसपुढे बोलत असताना जो विल्सन या सदस्याने त्यांना भर सभागृहात खोटारडे म्हटले.

आता आपल्या घरातील वादाकडे वळू. वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क आहे, असे पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात नमूद केले होते. अमेरिकेचे बिशप अनेक दशके सर्वांना परवडणाऱ्या उपचारांची मागणी करीत होते. शिवाय तेथील कितीतरी रुग्णालये धर्मभगिनींनी उभारली आहेत. म्हणजे ध्येयाविषयी मतभेद नव्हता. मतभेद झाला तो गर्भपाताच्या कलमावर. बार्ट स्टुपाक या कॅथलिक सदस्याची कडक दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ७ नोव्हेंबर २००९ रोजी २४० विरुद्ध १९४ मतांनी स्वीकारली. परंतु सिनेटच्या विधेयकात ती नव्हती. तेथे गर्भपाताच्या विम्याचे पैसे वेगळे भरावेत, एवढीच सोय होती. कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांच्या नेतृत्वाखालील बिशपांनी ही सोय अपुरी मानून विधेयकाला विरोध केला. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहन यांनी तीच सोय पुरेशी मानून पाठिंबा दिला. अनेक धर्मभगिनींनीही तसेच पत्र प्रसिद्ध केले. सरकारी पैसा गर्भपाताला जाणार नाही, असा आदेश काढण्याचे ओबामांनी मान्य केल्यावर स्टुपाक अनुकूल झाले. २१ मार्च २०१० रोजी विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले. एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याला मत दिले नाही.

जुने दुखणे असणाऱ्यास विमा नाकारण्याची मुभा या कायद्याने काढून घेतली. २०१६ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे २ कोटींनी घटली. तरीही बिशपांची चिंता निराधार म्हणता येणार नाही. गर्भनिरोधकांच्या सक्तीवरून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या वृद्धांची सेवा करणाऱ्या भगिनींना वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. दरम्यान कायदाही मरता मरता वाचला : २०१२ मध्ये न्यायालयात एका मताने, आणि जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये जॉन मॅकेन यांच्या प्रतिकूल मताने.

वाचकहो, बिशप आणि भगिनी या दोघांनाही गर्भातील बालक प्रिय होते आणि दोघांनाही विम्याविना मरणारा मजूर प्रिय होता. तत्त्व एकच, एका कलमाचा परिणाम काय होईल, याविषयीचा अंदाज निराळा. असा अंदाज विवेकाने बांधायचा असतो, आणि त्यात प्रामाणिक माणसे भिन्न ठरू शकतात. एकमेकांच्या श्रद्धेवर संशय घेणाऱ्यांनी तेव्हा हा भेद ओळखला नाही, असे आम्हांस वाटते. आपल्या धर्मग्रामांतही उद्या एखाद्या सरकारी कायद्यावरून वाद पेटेल, तेव्हा समोरच्याने तत्त्व सोडले आहे की केवळ त्याचा हिशेब वेगळा आहे, हे आधी विचारावे. आणि वादाच्या भरात आजारी माणूस विसरला जाऊ नये. २०२३ साली अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक माणसे अजूनही विम्याविनाच होती.