मामा तलाव कोणाचा?

आपल्या गोंदिया जिल्ह्यात कितीतरी बायांचं लहानपण तलावाकाठी गेलं. पण ‘मामा तलाव’ म्हणजे आईच्या भावाचा तलाव नव्हे. मामा म्हणजे माजी मालगुजारी.

तलाव बांधावेत ते कोहळी समाजानं. नवेगावबांध त्यांचाच. मालगुजारीच्या काळात पाळ दुरुस्त करणं, गाळ काढणं ही गावाची रीत होती. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. तिथल्या १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. गावाचा निस्तार हक्क राहिला, पण ‘तलाव सरकारचा’ म्हणत गावानं हात काढून घेतला. गाळ साचला, बेशरम माजली.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांत बायांनी बेशरम उपटली, पाण्यातल्या जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या. आधी तिथे काय उगवायचं, हे ढिवर समाजाच्या जुन्या माणसांना ठाऊक होतं.

तर मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पाणी कुठून यायचं, सांडवा कुठे होता, कोणते मासे मिळायचे? बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. तलाव दुरुस्तीची गोष्ट ग्रामसभेत निघाली, की तीच वही पुढे ठेवता येईल.