हिपॅटायटिस बी : ‘एचबीईएजी निगेटिव्ह’ म्हणजे विषाणू शांत झाला का?

हिपॅटायटिस बीच्या रुग्णाच्या फाइलमध्ये दोन चाचण्यांची नावं सतत दिसतात : एचबीएसएजी आणि एचबीईएजी. अक्षर एकाच जागी बदलतं, अर्थ मात्र बराच वेगळा आहे. पहिली चाचणी सहा महिन्यांहून जास्त काळ पॉझिटिव्ह राहिली, तर संसर्ग जुनाट मानला जातो. दुसरी निगेटिव्ह आली की अनेक घरांत सुटकेचा नि:श्वास टाकला जातो आणि पुढच्या तपासण्या मागे पडतात. गडबड इथेच होऊ शकते.

एचबीईएजी, म्हणजे ‘ई-अँटिजेन’, हे विषाणूचं एक प्रथिन. ते रक्तात सापडणं म्हणजे यकृतात विषाणूची वाढ जोरात चालू असण्याची खूण. शरीराची प्रतिकारशक्ती वरचढ ठरली की ते नाहीसं होतं, विषाणूचं प्रमाणही घटतं. बऱ्याच रुग्णांत हेच घडतं आणि ती खरोखर चांगली बातमी असते. पण हे प्रथिन बनवणं बंद करूनही विषाणू वाढू शकतो, कारण नवे विषाणू तयार व्हायला त्याची गरजच नसते.

एका अक्षराचा बदल

या विषाणूची जनुकीय माहिती जेमतेम ३,२०० अक्षरांची. तिची नक्कल करताना तो आधी आरएनए बनवतो आणि त्यावरून पुन्हा डीएनए. हे काम करणाऱ्या विकराला झालेली चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्तात किंचित वेगवेगळे विषाणू एकत्र नांदत असतात.

त्यातला सर्वात परिचित बदल १८९६ व्या अक्षरावरचा. तिथे ‘जी’ऐवजी ‘ए’ आला की ‘इथे थांबा’ असा संकेत तयार होतो आणि ई-अँटिजेन अर्धवटच राहतं. प्रतिकारशक्तीचा दाब वाढला की असे विषाणू तगतात, बाकीचे मागे पडतात. रुग्णाला बाहेरून नवा संसर्ग झालेला नसतो. रिपोर्ट निगेटिव्ह दिसतो, पण विषाणूचा डीएनए रक्तात भरपूर असू शकतो आणि यकृताची हानी चालू राहते. हे ओळखण्यासाठी एचबीव्ही डीएनए (व्हायरल लोड) आणि एएलटी (एसजीपीटी) या चाचण्या लागतात, त्याही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. एएलटी वरखाली होत राहतं, त्यामुळे एकाच रिपोर्टवरून निष्कर्ष काढता येत नाही.

भारतात हे का महत्त्वाचं?

या विषाणूचे ए ते जे असे दहा जनुकीय प्रकार मानले जातात. भारतात मुख्यतः डी आणि ए आढळतात. विषाणूचा आरएनए एका ठिकाणी दुमडतो आणि तिथे १८९६ वं अक्षर १८५८ व्या अक्षरासमोर येतं. डी प्रकारात वरचा बदल झाला की ही जोडी उलट घट्ट होते, म्हणून तो तिथे सहज टिकतो. ए प्रकारात बहुधा तीच जोडी तुटते, त्यामुळे तो क्वचित दिसतो. १७६२ आणि १७६४ या जागांवरच्या बदलांची गोष्ट निराळी. त्यांनी ई-अँटिजेन फक्त कमी होतं, पण यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढण्याशी त्यांचा संबंध आढळला आहे.

औषधांमुळेही विषाणूची निवड होते. लॅमिव्ह्युडिन हे गोळीच्या रूपातलं जुनं औषध एकटंच दिलं, तर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत त्याला न जुमानणारा विषाणू तयार होतो. म्हणून आता टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरला पसंती दिली जाते. मात्र लॅमिव्ह्युडिन निकामी ठरलेल्या रुग्णात एन्टेकाव्हिरलाही विषाणू लवकर दाद देईनासा होतो, तिथे टेनोफोव्हिर निवडतात. त्यामुळे पूर्वी कोणती गोळी किती वर्षं घेतली, हे नव्या डॉक्टरांना सांगणं आवश्यक असतं. जुनी चिठ्ठी हरवली असेल तर औषधाचं रिकामं पाकीटही चालतं. गोळ्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं, कारण विषाणू उसळून यकृत अचानक बिघडू शकतं.

जनुकीय क्रम वाचण्याची महाग चाचणी बहुतेकांना लागत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.