बळाचें मूळ पायाखालीं

शरीरबळाचा विषय निघाला कीं सामान्य माणसाची दृष्टि प्रथम दंडाकडे जाते. बलवान् पुरुषाचें चित्र काढावयास सांगितलें तर लहान मूलही फुगलेल्या बाहूंचेंच चित्र काढील. भाषा मात्र या बाबतींत दृष्टीहून शहाणी आहे. ठाम माणूस 'पाय रोवून उभा राहिला' असें आपण म्हणतों. धीर सुटला तर 'पायाखालची वाळू सरकली' असें म्हणतों. आणि वादांत उतरणाऱ्यानें कोणता 'पवित्रा' घेतला असें विचारतों, तेव्हां तो शब्दही आखाड्यांतल्या पाय ठेवण्याच्या रीतीवरूनच आलेला असतो. रावणाच्या सभेंत अंगदानें बळ दाखविलें तें मूठ आवळून नव्हे, पाय रोवून. बळाचें नातें भूमीशीं आहे ही जाणीव आपल्या परंपरेंत जुनी आहे. तिच्यामागील तत्त्व कोणतें, आणि ती जाणीव असूनही आपण कोठें अडखळलों, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

विचाराला आरंभ एका परक्या खेळापासून करणें सोयीचें आहे. इंग्रजांनीं १८२९ सालीं कलकत्त्यास आणि १८४२ सालीं मुंबईस गोल्फचा क्लब स्थापन केला. हा खेळ दुरून पाहणारास केवळ हातांचा वाटतो. खेळाडू जागचा हलत नाहीं, काठी मागें नेतो, फिरवितो आणि चेंडू दोन-अडीचशें यार्ड दूर जातो. पण १९६८ सालीं ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनीं गोल्फच्या फटक्याचा जो शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत हा समज टिकला नाहीं. काठीच्या टोकास जो वेग येतो तो निर्माण करण्याइतके स्नायू हातांत नसतातच. तें काम मांड्या, कंबर व पाठ येथील मोठ्या स्नायूंनाच करावें लागतें. हात हे मुख्यतः तें बळ काठीपर्यंत पोंचविणारे वाहक होत.

मग मांड्यांना तरी बळ लावावयास आधार कशाचा? येथें न्यूटननें १६८७ सालीं मांडलेला तिसरा नियम उपयोगी पडतो. आपण जमिनीस जितक्या जोरानें रेटतों, तितक्याच जोरानें जमीन आपल्यास उलट रेटते. काठी खालीं येऊं लागण्याच्या सुमारास कुशल खेळाडूचा भार पुढच्या पायावर जातो, वांकलेला गुडघा सरळ होऊं लागतो, आणि जमिनीच्या त्या उलट रेट्यानें प्रथम कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग बाहु आणि सर्वांत शेवटीं काठी. हा क्रम मोडला कीं फटका फसतो. पॅरिस येथें मारे या शास्त्रज्ञानें १८८० नंतरच्या दशकांतच पायांचा दाब मोजणारी फळी तयार केली होती. आज तशाच, पण अधिक सूक्ष्म फळ्यांवर खेळाडूस उभें करून पाहतात, तेव्हां चांगल्या फटक्याच्या वेळीं एकट्या पुढच्या पायाचा रेटा खेळाडूच्या संपूर्ण वजनाहूनही अधिक भरतो असें दिसतें. गोल्फच्या बुटांना खिळे असतात ते याचसाठीं. पाय निसटला कीं बळाचा झराच आटतो.

ग्रीक पुराणांत अँटियस नांवाच्या भूमिपुत्राची कथा आहे. त्याचे पाय मातेस लागले असतील तोंवर तो अजिंक्य असे. हेराक्लीजनें त्याला अधांतरीं उचललें आणि तेथेंच त्याचा अंत केला. कवीची कल्पना म्हणून ही कथा सोडून देतां येत नाहीं. प्रतिस्पर्ध्याचे पाय जमिनीपासून तोडावे, हेंच जगांतील बहुतेक कुस्त्यांचें पहिलें सूत्र आहे.

आपल्याकडे हें सूत्र ग्रंथांत आणि तालमींत दोन्ही ठिकाणीं सांपडतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लांच्या श्रमांचे प्रकार दिले आहेत. भार उचलणें, चालणें, पाण्यांत श्रम करणें, खांबावर श्रम करणें, असे ते आहेत; बाहूंच्या नांवाचा श्रम त्यांत एकच. खांबावरील व्यायाम पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाच्या रूपानें पुनः नांवारूपास आणिला. मल्लखांबावर पायांखालीं जमीन नसते, परंतु मांड्यांची पकड खांबालाच जमीन करते. बैठका हा तर आपल्या तालमीचा पायाच. धोबीपछाड या डावांत प्रतिस्पर्ध्यास पाठीवर घेऊन पुढें आपटतात. त्यांतील बळाचा क्रम पाय, कंबर, पाठ, हात असाच आहे. गोल्फपटूच्या फटक्याहून तो तत्त्वतः वेगळा नाहीं.

हेंच ज्ञान शेतकऱ्याच्या अंगांतही मुरलेलें असतें. वाशीमहून पुसदकडे जातांना अनसिंग हें गांव लागतें. भोंवतालचा मुलूख काळ्या मातीचा. ती पावसाळ्यांत पायांना चिकटते, उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनींत राबणारा माणूस धान्याचें पोतें पाठीवर घेतांना कंबर मोडून उचलीत नाहीं. तो गुडघ्यांत वांकतो आणि पायांनीं उठतो. लांकूड फोडणारा कुऱ्हाड उगारतांना टाचा उचलतो आणि घाव घालतांना गुडघे वांकवून अंगाचा सगळा भार खालीं सोडतो. हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. वऱ्हाडांतील या उपजत बळाला शिस्त लावण्याचें मोठें काम अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९१४ पासून केलें, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिन येथें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं.

असें असतां अडखळलों कोठें? आमच्या मतें, तत्त्व सोडून आपण मातीला धरून बसलों येथें. आखाड्याची तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मऊ करावी, तिला नमस्कार करून उतरावें, हा संस्कार सुंदर आहे. पण बळ भूमीच्या उलट रेट्यांत आहे, तिच्या रंगांत नव्हे, हें विसरलें गेलें. याची कसोटी खाशाबा जाधव यांच्या चरित्रांत लागली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातींत वाढलेला. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यास गादीवर लढावें लागलें. पायांखालची भूमि बदलली, नियमही निराळे. तरी सहावा क्रमांक मिळाला. त्यानें गादीस दोष दिला नाहीं. गादीवर पाय कसा रोवावा हें तो शिकला, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातींतलें बळ त्यानें मातींत सोडलें नाहीं. त्यांतलें तत्त्व तो बरोबर घेऊन गेला.

१९६१ पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत आज माती व गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते अखेरीस एकमेकांशीं लढतात. ही तडजोड योग्य आहे, पण ती मोठ्या मल्लांपुरती. खरी गरज खालीं, अनसिंगसारख्या गांवांतील शाळांत आहे. तेथील मुलास मातीचा हौद मिळो वा गादी मिळो, आधीं बैठक, मग पवित्रा आणि नंतर डाव हा क्रम त्याला समजावून शिकविला पाहिजे. आपण जमिनीला रेटतों म्हणून जमीन आपल्याला उचलते, एवढें त्याला नीट उमगलें, तर पुढें तो आखाड्यांत उतरो, क्रिकेटची बॅट धरो, कीं कधीं काळीं गोल्फची काठी हातीं घेवो, त्याचें बळ वायां जाणार नाहीं. दंड फुगविण्याच्या नादांत मांड्या दुबळ्या राहिलेली पिढी तयार होऊं द्यावयाची नसेल, तर व्यायामशिक्षकांनीं या साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावें, एवढीच विनंति.