झपाटलेली पोर काय सांगत होती?

भुताचा सिनेमा पाहून आलेल्या माणसाला 'कसा होता?' असं विचारून बघा. सिनेमाविषयी तो दोन वाक्यं बोलतो आणि तिसऱ्या वाक्याला त्याच्या आजोळचा मुंजा येतो, नाहीतर चाळीतल्या कुणा वहिनींच्या अंगात येत असे ती हकिकत येते. मारधाडीचा सिनेमा पाहून आपल्या घरातल्या मारामाऱ्या कुणी सांगत बसत नाही. झपाटण्याच्या सिनेमाचं मात्र असं होतं. म्हणूनच या सिनेमांवरची प्रेक्षकांची मतं मला समाजाच्या इतिहासाचा एक कागद वाटतात. आज त्यातली दोन-चार पानं आपण उलटून पाहू.

या सिनेमांचा मूळपुरुष म्हणजे 'द एक्झॉर्सिस्ट'. विल्यम पीटर ब्लॅटी यांची कादंबरी १९७१ सालची आणि विल्यम फ्रीडकिन यांचा चित्रपट अमेरिकेत लागला तो २६ डिसेंबर १९७३ रोजी. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात सैतान शिरतो, डॉक्टर हात टेकतात आणि शेवटी पाद्री येतात, अशी ही गोष्ट. थिएटरात लोकांना भोवळ आली, ओकाऱ्या झाल्या, अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या. कुणी त्याला धर्माचा विजय म्हटलं, तर कुणी किळसवाणा तमाशा. या चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकनं मिळाली, पैकी दोन पुरस्कार पदरात पडले. ब्रिटनमध्ये तर त्याची घरी पाहायची कॅसेट १९८८ पासून अकरा वर्षं अधिकृतपणे मिळतच नव्हती.

आपल्याकडे ही लाट यायला वेळ लागला नाही. १९७७ साली रविकांत नगाइच यांचा 'जादू टोना' आला. पण मला बोलायचं आहे ते १९८० च्या 'गहराई'विषयी. सिनेमा हिंदी, पण माणसं बरीचशी आपली. दिग्दर्शक अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकरांचा हात, झपाटलेल्या मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे आणि तिचे वडील डॉ. श्रीराम लागू. लागू पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि उघड नास्तिक. देवाला आता निवृत्त करा, असं जाहीरपणे म्हणणारे. पुढे त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव विवेकाच्या प्रश्नांवर जाहीर संवाद केले. अशा माणसाने मुलीसाठी मांत्रिकाच्या दारात जाणारा बाप रंगवला होता!

हा सिनेमा आमच्या शिरगावात आम्ही पाहिला तो आला त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. शिरगाव म्हणजे बदलापूर स्टेशनच्या पूर्वेची वस्ती. आज तिथे इमारतीला इमारत लागून आहे. तेव्हा भातखाचरं होती आणि कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसं होती. घरटी वर्गणी काढायची, व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन सिनेमे पाहायचे, अशी पद्धत होती. भुताची कॅसेट शेवटी लावायची, म्हणजे पोरं झोपलेली असत. निदान तसं आम्ही समजत होतो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चर्चा रंगली. घरातल्या म्हाताऱ्या बायकांचं मत ठाम होतं: "बाहेरची बाधा अशीच असते बाबा, डॉक्टरला त्यातलं काय कळणार?" शाळेतले एक गुरुजी चिडलेले. शिकलेल्या लोकांनीच असे सिनेमे काढले, तर आम्ही वर्गात विज्ञान शिकवून उपयोग काय, हा त्यांचा सवाल. दोघांचं भांडण एकाच मुद्द्यावर होतं, भूत असतं की नसतं. तिसरं मत एका शेतकरी आजोबांचं. ते एवढंच म्हणाले, "त्यानं जमीन विकली ना? मग ती बोलणारच."

तेव्हा सगळे हसले. मला मात्र आता वाटतं, की सिनेमा नीट पाहिला होता तो त्या आजोबांनीच.

आठवून पाहा. 'गहराई'तला बाप बंगळूरचा सुशिक्षित माणूस. गावाकडची वडिलोपार्जित जमीन तो साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. ती राखणारा गडी बसवा कळवळून विरोध करतो, पण त्याचं ऐकतो कोण? त्यानंतर मुलगी झपाटते आणि तिच्या तोंडून बापाचं जुनं पाप बाहेर येतं. याच गड्याच्या बायकोवर त्याने अत्याचार केलेला असतो. शिवाय मांत्रिक म्हणजे तारणहार, असंही हा सिनेमा म्हणत नाही. अमरीश पुरींचा मांत्रिक त्या मुलीचाच अघोरी विधीसाठी वापर करू पाहतो. आम्हाला लक्षात राहिलं ते लिंबू, बाहुली आणि पद्मिनीचे डोळे. मालकाने गड्याच्या घराचं काय केलं, हे विसरलो. आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत भोवतालच्या जमिनी कारखान्यांना आणि बिल्डरांना जात होत्या, म्हणून त्यांना ते ऐकू आलं.

१९७१ सालीच लंडनमध्ये शिकवणारे मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी झपाटण्यावर एक पुस्तक लिहिलं. ज्यांना एरवी बोलायची मुभा नसते, विशेषतः बायकांना, त्यांना अंगात येण्यातून बोलायला जागा मिळते, असा त्यांच्या मांडणीचा एक धागा होता. आपल्याला हे परदेशी पुस्तकातून शिकायची गरज नाही. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सून अंगात आल्यावर त्याला अरेतुरे करते आणि तोच सासरा हात जोडून 'आई, काय चुकलं?' म्हणून विचारतो, हे गावागावांत लोकांनी पाहिलेलं आहे. वारं उतरलं, की ती पुन्हा चुलीपुढे.

मग २००३ साली राम गोपाल वर्मांचा 'भूत' आला. तोवर शिरगावची खाचरं जाऊन फ्लॅट उभे राहू लागले होते. या सिनेमात वाडा नाही की स्मशान नाही. मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट, त्यात राहायला आलेलं तरुण जोडपं आणि आधी तिथे मेलेली एक बाई. ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक असते, पण बायकोपासून तो ती लपवतो. ऊर्मिला मातोंडकरने ती बायको अशी उभी केली, की त्या वर्षी समीक्षकांच्या पसंतीचा फिल्मफेअर पुरस्कार तिला मिळाला. कर्जत लोकलमध्ये त्यावर ऐकलेलं मत मोठं गमतीचं होतं. "फ्लॅट स्वस्त मिळतोय म्हणजे आधी चौकशी करावी!" कर्ज काढून घर घेणाऱ्या माणसाची भीती ती. पण इथेही मूळ गोष्ट तीच. तरुण बाई आणि तिचं मूल मारलं गेलेलं असतं आणि त्या खुनाला वाचा फुटते ती दुसऱ्या बाईच्या तोंडून. जिवंतपणी तिचं कुणी ऐकलेलं नसतं.

आता गुरुजींच्या सवालाकडे येऊ, कारण तो खोटा नव्हता. पडद्यावर डॉक्टर हरतो आणि उतारा जिंकतो. हे पाहून घरी आलेला माणूस आजारी सुनेला कुठे नेईल? दवाखान्यात, की भगताकडे? भगताकडच्या उपचारात मिरचीची धुरी असते, साखळी असते, चाबूक असतो. दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि पुढे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं, हे त्याच्या अनुसूचीत अगदी पहिलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

वैद्यकशास्त्रही इथे गप्प नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत झपाटल्यासारख्या अवस्थेला स्वतंत्र नोंद आहे. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आमच्या जिल्ह्यातच ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे.

पण एक सांगतो. नुसतं दवाखान्यात नेऊन गोळ्या दिल्या आणि 'नाटकं करते' म्हणून सोडून दिलं, तर तेही न ऐकणंच झालं. मांत्रिक तिला मारतो, आपण तिला गप्प करतो. चांगला डॉक्टर आधी विचारतो, की घरात काय चाललं आहे? हुंडा, मूल होत नाही म्हणून टोमणे, दारू, की आणखी काही? 'गहराई'तल्या घरात हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला असता, तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता.

तेव्हा भुताचे सिनेमे जरूर पाहा, घाबरायचं तेवढं घाबरा. मध्यंतरात भूत खरं की खोटं यावर वादही घाला. मात्र तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात कुणाच्या अंगात येतं असं कळलं, तर तिला साखळीपासून वाचवा, डॉक्टरकडे न्या आणि ती काय म्हणते आहे ते शांतपणे ऐकून घ्या. बहुतेक वेळा तिने ते आधी साध्या आवाजात सांगून पाहिलेलं असतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)