डासाच्या पोटातले घड्याळ : तापमान, डेंग्यू आणि पिंपरी-चिंचवड

१/ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनमुळे या गावाचे नाव देशभर पोहोचले. जिवाणूंवरील औषधाने नावारूपाला आलेल्या या नगरीला आज छळणारा डेंग्यू मात्र विषाणूजन्य आहे. पेनिसिलिन त्याच्यापुढे निरुपयोगी. त्याची चाल ओळखायची तर तापमापी हाती घ्यावी लागते.

२/ १९०६ साली ऑस्ट्रेलियातील थॉमस बँक्रॉफ्ट यांनी डेंग्यूच्या प्रसाराचा संशय एडीस इजिप्ती डासावर घेतला. १९४३ साली जपानमध्ये किमुरा आणि होट्टा यांनी विषाणू वेगळा केला. वाहक सापडला, विषाणूही सापडला. पण साथ ठरावीक महिन्यांतच का भडकते?

३/ रुग्णाला चावलेली डासाची मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. विषाणू आधी तिच्या आतड्यात वाढतो, मग लाळग्रंथींत पोहोचतो. या प्रवासाचा वेग ठरवते ती भोवतालची उष्णता.

४/ १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३० अंश सेल्सिअसला या प्रवासास १२ दिवस लागले. ३२ ते ३५ अंशांना केवळ ७. डासाचे आयुष्यच दोन-चार आठवड्यांचे. त्यातले पाच दिवस वाचले, की अधिक माद्या रोग पसरवण्याइतक्या जगतात.

५/ १९७० साली भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरी मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखानदारी चाकणपर्यंत पसरली. वस्ती फुगली, पाणी अपुरे पडले. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येऊ लागले. घरोघरी पिंपे भरून ठेवणे ओघानेच आले. एडीसला हवे असते तेच : साठलेले स्वच्छ पाणी.

६/ २०२५ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी पुण्यातील डेंग्यूचा हवामानाशी संबंध मांडला. २७ अंशांवरील तापमान, बेताचा व विखुरलेला पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता ही स्थिती साथीला पोषक ठरते. आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर अंडी-अळ्या वाहून जातात.

७/ पुण्याचा पावसाळा मूळचा सौम्य. जुलै-ऑगस्टचे सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास. म्हणजे उंबरठा दोनच अंशांवर आहे, आणि हवा तापत चालली आहे.

८/ आकाशाची उष्णता कोणा एका घराच्या हाती नाही. पिंप मात्र आहे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात; म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पिंपे रिकामी करून घासायची. डासाच्या पोटातले घड्याळ सुरू होण्याआधीच ते थांबवण्याचा हा मार्ग.